जुनी बंदूक घेताना : आत्याचा कानमंत्र

राजा,

ग्रीन कार्ड आलं, न्यू जर्सीत घर झालं, आणि आता रात्री जेवणं आटोपली की तू फोनवर जुन्या बंदुका चाळत बसतोस, अशी खबर तुझ्या बायकोने दिली. ओरडायला लिहीत नाहीये. पेनसिल्व्हेनियात माझी पस्तीस वर्षं गेली. उडत्या मातीच्या तबकड्या फोडायचा नाद पन्नाशीनंतर लागला, आणि ऑनलाइन सौद्यात करता येतील तेवढ्या चुका माझ्या करून झाल्या. त्या तू परत करू नयेस, एवढीच इच्छा. नव्या करशीलच, आपल्या घराण्याचा तो हातखंडा आहे.

आधी आपलं घर बघ

१. आधी व्हिसा बघावा, मग भाव. एच-वन, एफ-वनसारख्या व्हिसावर असलेल्याला केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगणंच मना आहे, शिकारीचा परवाना असले मोजके अपवाद सोडले तर — तुझं कार्ड हातात आलंय म्हणून हे पत्र, नाहीतर फोन करून कान उपटले असते.

२. एच-वनवाला मित्र म्हणाला, "तुझ्या नावावर घे, पैसे मी देतो," तर त्याला चहा पाज आणि वाटेला लाव — दुसऱ्यासाठी आपल्या नावावर घेणं हा केंद्रीय गुन्हा आहे, २०२२च्या कायद्याने त्यासाठी १५ वर्षांपर्यंत कैद आहे, आणि कार्डवाल्याला तर देशाबाहेरचा रस्ताही दाखवला जातो.

३. राज्याचा कायदा बटण दाबण्याआधी वाच. तुझ्या न्यू जर्सीत रायफल किंवा शॉटगनसाठी आधी खरेदीचं ओळखपत्र काढावं लागतं, पिस्तुलाला दर वेळी वेगळा परवाना. इलिनॉयमध्ये बंदूकधारकाचं फॉइड कार्ड, कॅलिफोर्नियात १० दिवस थांबणं — "विकत घ्या" हे बटण सगळीकडे सारखं दिसतं, कायदा मात्र पूल ओलांडला की बदलतो.

४. बायकोला विचारून घे, सांगून नव्हे — डब्यातला लाडू लपतो, कपाटातली बंदूक लपत नाही.

५. कशासाठी हवी ते एका ओळीत कागदावर लिही: तबकड्या, हरीण, की नुसती जुन्या लोखंडाची हौस. ओळ लिहिता आली नाही तर फोन बाजूला ठेव — मला लिहिता आली नव्हती, म्हणून माझ्याकडे एक रायफल आहे जी नेमकी कशासाठी आहे ते अजून ठरायचंय.

जुन्यात काय सोनं आहे

६. जुनं घेण्यात कमीपणा मानू नकोस. आमच्याकडे थँक्सगिव्हिंगनंतर हरणांचा हंगाम उघडला की कित्येक शाळांना सुट्टी असते, आणि घराघरात अशी रायफल असते जी वर्षाला पाच-दहा काडतुसं उडवते आणि उरलेले अकरा महिने कपाटात झोपते — अशा रायफलीची नवलाईची किंमत पहिल्या मालकाने भरलेली असते, तुला उरतो तो तिचा चांगुलपणा.

७. जाणती माणसं जुन्याला जास्त पैसे देतात तेव्हा कारण विचार. विंचेस्टर मॉडेल ७०ची १९६४च्या आधीची रायफल लोक मुद्दाम शोधतात — त्या साली कंपनीने खर्च वाचवायला घडणीची पद्धत बदलली, आणि शिकाऱ्यांनी ते अजून मनावर घेतलेलं आहे.

८. पण भावनेच्या भरात बोली लावू नकोस. मी एक रायफल केवळ बंगालच्या इशापूरच्या कारखान्यातली म्हणून घेतली. दस्त्याच्या वरच्या लोखंडी कड्यावर 'आरएफआय' अशी अक्षरं आणि '२ए१' बघून डोळेच भरून आले — डोळे भरले की नळी दिसत नाही, आणि ती नळी आतून आपल्या वाड्याच्या मोरीसारखी निघाली.

९. त्या इशापुरीचाच दुसरा धडा घे. चेहरा सगळा जुन्या .३०३ एनफिल्डचा, पण ती साठच्या दशकात ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी घडवलेली — बंदुकीचं काडतूस तोंडावळ्यावरून ठरवायचं नसतं, नळीवर कोरलेलं वाचायचं असतं, आणि कोरलेल्याची खातरी गनस्मिथकडून करायची असते.

फोटो वाचायला शीक

१०. विकणाऱ्याकडे पाच फोटो माग: नळीचं तोंड, प्रकाश धरून नळीचा आतला भाग, बोल्टचा पुढचा चेहरा, सगळे नंबर, आणि दस्ता जिथे लोखंडाला भेटतो तो सांधा. देतो-देतो म्हणत टाळत राहिला तर तूच टाळ — फोटो लाजतो तिथे गंज हसतो.

११. स्क्रूंची डोकी मोठी करून बघ. खाचा कुरतडलेल्या असतील तर आत कुणीतरी स्वयंपाकघरातल्या पेचकसाने शिरलेलं आहे — कुरतडलेला स्क्रू मालकाची चहाडी करतो, आणि त्याने चापात काय उद्योग केलेत ते तुला गोळी सुटल्यावरच कळतं.

१२. लाकूड फार तुकतुकीत दिसलं की संशय घे. लाकडाची कड लोखंडापेक्षा खाली बसलेली असेल आणि ठशांची अक्षरं पुसट असतील, तर पॉलिशपेपर फिरलाय — म्हातारीला शालू नेसवला म्हणून गुडघे बरे होत नाहीत.

१३. सिरीयल नंबर खरवडलेला किंवा 'वाचता येत नाही' असा असेल तर पुढचा प्रश्नसुद्धा विचारू नकोस — तो नंबर मिटवलेली बंदूक नुसती जवळ ठेवणं हाच गुन्हा आहे.

१४. ब्रिटिश धाटणीच्या लष्करी रायफलीवर 'डीपी' अशी अक्षरं असतील तर ती भिंतीवर टांगायची — त्यांचा अर्थ केवळ कवायतीपुरती. तिच्यात काडतूस घालणं म्हणजे चित्रातल्या विहिरीत उडी मारणं.

१५. १९०३ची स्प्रिंगफिल्ड रायफल आवडली तर नंबर आधी बघ. स्प्रिंगफिल्डच्या कारखान्यातली ८ लाखांच्या खालच्या नंबराची असेल तर हौसेला ठेव, उडवू नकोस — त्या काळी पोलाद भट्टीत जास्त तापलं, आणि काही रायफली हातातच फुटल्या.

१६. जुनी शॉटगन असेल तर काडतुसाचं घर गनस्मिथकडून मोजून घे. जुन्या ब्रिटिश बंदुकींचं घर बऱ्याचदा अडीच इंची असतं, आजचं नेहमीचं काडतूस पावणेतीन इंची — दुमडलेलं काडतूस आत गुपचूप बसतं, पण उडताना उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो.

पैसा आणि माणूस

१७. बोलीच्या आकड्यात टपालखर्च, विक्रीकर, डीलरची ट्रान्स्फर फी, काडतुसं आणि तिजोरी मिळव, मग हो म्हण — चारशेची बंदूक घरी पोचेपर्यंत सहाशेची होते, आणि तो फरक तुला नेमका महिनाअखेरीला आठवतो.

१८. भाव बाजारापेक्षा निम्मा असेल तर वस्तू नसतेच, असं धरून चाल. पैसे गिफ्ट कार्डात, क्रिप्टोत किंवा थेट खात्यावर मागत असेल तर पडदा टाक — मी एकदा अडीचशे डॉलर असे पाठवले, आणि आलं काय तर दुसऱ्या दिवशी त्याच फोटोची दुसऱ्या गावातली जाहिरात.

१९. विकणारा स्वतःला परवानाधारक म्हणवत असेल तर परवान्याचे आकडे माग. बंदुकांचे परवाने देणाऱ्या एटीएफ या केंद्रीय खात्याच्या साइटवर 'ईझी चेक' नावाची सोय आहे, तिथे पहिले तीन आणि शेवटचे पाच आकडे टाकले की परवाना चालू आहे का ते दिसतं — दोन मिनिटांचं काम, आणि चोराला त्याचीच फार घाई असते.

२०. रात्री अकरानंतर बोली लावू नकोस. सकाळी चहा घेताना तीच बंदूक तितकीच आवडली तर लाव — घाईचा सौदा, गंजाचा हौदा.

डीलरच्या काउंटरवर

२१. राज्याबाहेरून घेतलेली बंदूक कधी थेट दारात मागवू नकोस. ती तुझ्या राज्यातल्या परवानाधारक डीलरकडेच येते. १९६३ साली ऑस्वाल्डने शिकागोच्या दुकानातून खोट्या नावाने टपालाने रायफल मागवली, टपालखर्चासकट २१ डॉलर ४५ सेंटला, आणि तिनेच राष्ट्राध्यक्ष केनेडींचा जीव घेतला — १९६८च्या कायद्याने ते दार बंद केलं. आज 'थेट घरी पाठवतो' म्हणणारा एक तर चोर असतो, नाही तर तुला चोर करणारा.

२२. पैसे भरण्याआधी डीलरला फोन कर: बाहेरून आलेली घेतोस का, किती घेतोस, कोणत्या दिवशी असतोस — न विचारता खोकं पाठवणाऱ्याचं खोकं आमच्या गावचा म्हातारा दुकानदार परत पाठवतो, आणि दोन्ही बाजूंचा टपालखर्च आपल्या माथी येतो.

२३. ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता आजचा हवा. मी घर बदललं, पत्ता बदलला नाही, आणि काउंटरवर बंदूक समोर असताना हात हलवत परत आले — एका कार्डासाठी चाळीस मैलांचा हेलपाटा, आणि गाडीत आमचे हे पूर्ण रस्ताभर गप्प.

२४. डीलरकडचा खरेदीचा फॉर्म ४४७३ परीक्षेच्या पेपरसारखा भर. सोशल सिक्युरिटी नंबर ऐच्छिक असला तरी लिही — पाटील, देशमुख, शहा या नावांची माणसं ढिगाने आहेत. दुसऱ्या कुणाच्या भानगडीमुळे तुझी पूर्वचारित्र्याची तपासणी अडकायला नको. १९९८पासून ही तपासणी एफबीआयच्या यंत्रणेतून होते. बहुतेक वेळा काही मिनिटांत, कधी काही दिवसांत.

२५. सही करण्याआधी बंदूक बघ, सहीनंतर नाही. नळी रिकाम्या दिशेला, काडतुसाचं घर आधी डोळ्याने आणि मग करंगळीने तपासायचं, छोटी टॉर्च धरून नळीतून बघायचं — नावावर होण्याआधी नको म्हटलं तर डीलर परत पाठवतो. नावावर झाली की ती तुझी जुनी बंदूक होते.

घरी आणल्यावर

२६. पहिलं काडतूस गनस्मिथच्या मापानंतरच. बोल्ट आणि काडतूस यांच्यातली फट तो 'गो' आणि 'नो-गो' मापांनी बघतो — ती फट केसभर जास्त झाली तर पितळ फाटतं, आणि तुझा गाल तिथून चार बोटांवर असतो.

२७. बोल्टचा आणि नळीचा नंबर वेगळा असेल तर हे माप दुप्पट महत्त्वाचं — दोन घरची माणसं एका घरात नांदतात, पण आधी पत्रिका बघून.

२८. जुनी लष्करी काडतुसं स्वस्त मिळाली तर उडवल्यावर त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धू, वाळव, मग तेल. त्यांच्या टोपीतला मसाला जळून नळीत क्षार राहतो — पावसाळ्यात कोकणात मिठाची बरणी पाझरते, तशी नळी पाझरते. तेल क्षाराला विरघळवत नाही, फक्त झाकतं.

२९. शॉटगनची २० बोअरची काडतुसं आणि १२ बोअरची काडतुसं एका पिशवीत ठेवू नकोस. २०ची पिवळी असतात ती उगाच नाही — २०चं काडतूस १२च्या नळीत घसरून पुढे अडकतं, मागून दुसरं बसतं, आणि मग नळी उरत नाही.

३०. बंदूक तिजोरीत, काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ली तुझ्या अंगावर — पोरं आठ वर्षांची झाली की त्यांना आंब्याची पेटी आणि बाबांची किल्ली दोन्ही कुठे ते ठाऊक असतं.

३१. घरात कुणी खचलेलं असेल, झोप उडालेली असेल, तर बंदूक काही महिने घराबाहेर ठेव. डीलर, क्लब किंवा पोलीस कायद्यात बसेल तशी सोय सांगतात, आणि ९८८ या मदतक्रमांकावर फोन केला की कुणीतरी बोलतं — इथल्या बंदुकीच्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. वाईट रात्र सरते, पण हाताशी बंदूक असली तर माणूस सरतो.

३२. रेंजची पिशवी प्रवासाला वापरू नकोस, भारतात जाताना तर मुळीच नाही. कोपऱ्यात विसरलेलं एक काडतूस मुंबईच्या विमानतळावर शस्त्र कायद्याखाली गुन्हा होऊन बसतं — आजीला भेटायला गेलास आणि पहिली भेट फौजदाराची, असं नको.

३३. बिल, फोटो, सिरीयल नंबर एका पाकिटात घालून बंदुकीपासून दूर ठेव — चोरी झाली तर पोलिसांना 'काळी, लांब' एवढंच सांगून चालत नाही.

३४. शेवटचं. माझी तबकड्यांची शॉटगन तुला आवडते, हे मला माहीत आहे. पण मी पेनसिल्व्हेनियाची आणि तू न्यू जर्सीचा, त्यामुळे आत्याने भाच्याला भेट द्यायची झाली तरी ती डीलरच्या काउंटरवरूनच जाणार — मृत्युपत्रातून आली तर केंद्राचा कायदा ही अट घालत नाही. पण त्यासाठी तुला बरीच वाट बघावी लागेल, आणि तोवर तुझ्या बायकोला सांगून ठेवलंय, तुझा फोन अकराला काढून घ्यायचा.

— तुझी आत्या