स्वस्त टॅब कसा निवडावा?

टॅब म्हणजे आजची पाटीच. दि. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत विद्यार्थ्यांसाठी 'आकाश' टॅब निघाला. सरकारला तो सुमारे सव्वादोन हजारांना पडला. पडदा ७ इंची, पण रॅम फक्त २५६ एमबी. म्हणून तो संथ चाले. शिवाय बोट दाबून धरावे लागे. नुसती किंमत पाहू नये, हा त्याचा धडा.

औंदा कापूस विकल्यावर बाबा मला यवतमाळला घेऊन गेले. म्हणाले, "पैसे सालातून एकदाच येते, पाहूनच घेऊ." मी बालभारतीचे पुस्तक सोबत नेले होते. सर्वांत स्वस्त टॅब पुस्तकावरच्या क्यूआर कोडसमोर धरला. दीक्षा ॲपवरचा पाठ काही लवकर उघडेना. तो आम्ही ठेवून दिला.

मग पुढील गोष्टी पाहिल्या :
१) पडदा ८ इंच. अक्षर स्पष्ट दिसते.
२) रॅम ३ जीबी.
३) बॅटरी ५००० एमएएच. लाइन गेली तरी अभ्यास होतो.
४) मागचा कॅमेरा चांगला. कोड लगेच वाचतो.

बालभारतीची पुस्तके फुकट उतरवून घेता येतात. मग नेट नसले तरी वाचता येते.

पालकांना विनंती, टॅब घ्यायला जाताना मुलाचे पुस्तक सोबत न्या. आधी पाठ उघडून पाहा, मगच पैसे द्या.

– इयत्ता सातवी