तागाचे बी पेरण्याआधी गोणपाटात घालून बघा



पूर्वहंगामी लागणीआधी ताग गाडा, असे आम्ही शेतकी विभागाचे लोक दरसाल सांगतो. सभासद करतातही. पण अर्धा ताग उगवतच नाही, रानात टक्कल पडते आणि मग ‘हिरवळीच्या खतात काही राम नाही’ असे म्हटले जाते. दोष खताचा नसतो, बियाचा असतो. तागाचे बी बहुधा सुटे, पोत्यातून विकत येते. ते किती जुने आहे हे विकणारालाही माहीत नसते.

म्हणून पेरणीआधी दहा-बारा दिवस एवढे करा. पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठ-मूठ बी घेऊन मिसळा. त्यातले 100 दाणे मोजा. चांगले-चांगले निवडू नका, हाताला येतील तसे घ्या. गोणपाटाचा तुकडा भिजवून पिळा, त्यावर दाणे ओळीने मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा. सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा, पण निथळेल इतके नको, बी कुजते. चौथ्या दिवशी पहिली मोजणी, दहाव्या दिवशी शेवटची. सरळ मूळ आणि दोन्ही डाळिंब्या धड असलेलेच रोप धरायचे. नुसते फुगलेले, बुरशी आलेले दाणे मोजू नयेत.

80 च्या पुढे उगवले तर एकरी 25 किलो बी पुरे. 60 च उगवले तर 33 किलो लागेल, हिशोब सरळ आहे. 50 च्या खाली आले तर ते बी परत करा, बरं का. जास्त टाकून भागेल असे वाटते, पण असल्या बियाची रोपेही मरतुकडी निघतात.

पेरताना 10 किलो बियाला चवळी गटाच्या रायझोबियमचे 250 ग्रॅमचे एक पाकीट गुळाच्या पाण्यात कालवून चोळावे व सावलीत सुकवावे. बी बोटाच्या एका पेरापेक्षा खोल जाऊ देऊ नये. पेरल्यावर जोराचा पाऊस होऊन जमीन वरून आवळली, तर कोंब खालीच वाकतात. ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात उघडीप मिळाली की वापशावर पेरा, म्हणजे सप्टेंबरअखेर गाडून ऑक्टोबरच्या उत्तरार्धात लागण साधते.

आंबवड्याकडच्या सभासदांना वेगळे सांगायचे आहे. भाताच्या खाचरात ऊस करणार असाल तर तिथे ताग नको. पाणी साचले की ताग पिवळा पडून बसतो. तिथे धैंचा घ्या, तो पाण्यात टिकतो. मात्र धैंच्याचे बी कठीण कवचाचे. ते रात्रभर पाण्यात भिजवून पेरावे, चाचणीतही तसेच भिजवून घ्यावे.

गाडायची वेळ म्हणजे 45 ते 50 दिवस, पिवळी फुले दिसू लागताच. ‘अजून वाढू द्या, जास्त खत होईल’ हा हिशोब चुकीचा. खोडात वाख धरला की ते लवकर कुजत नाही, उलट कुजताना जमिनीतलेच नत्र ओढते आणि कोवळा ऊस पिवळा दिसतो.

इंग्रजीत तागाला ‘सनहेंप’ म्हणतात. त्यावरून एका तरुण सभासदाने विचारले, साहेब, हे गांजाचे बी तर नव्हे? नव्हे. ताग द्विदल, हरभऱ्या-चवळीच्या कुळातला. गांजाचे झाड निराळे, आणि ते लावणे 1985 च्या कायद्याने गुन्हा आहे. ताग बिनधास्त पेरा. तागाचे बी मात्र जनावरांच्या खाण्यात येऊ देऊ नका, विषारी असते.

बियासाठी दरसाल बाजाराकडे बघायचे नसेल तर दोन गुंठे ताग न गाडता राखा. त्यात ओळी लांब ठेवा आणि भुंग्यांसाठी फुलोऱ्यात कीटकनाशक मारू नका. शेंगा वाळून खुळखुळू लागल्या की कापा. ते बी कडक वाळवून राखेत ठेवा, आणि पुढच्या साली तेही गोणपाटात घालून बघा.

— ऊस विकास अधिकारी