दोनदा बुडालेला चॉकलेटवाला

आइस्क्रीमवर हर्शीजचं चॉकलेट सिरप ओतताना कधी मनात येतं का, की हे नाव ज्याचं, तो माणूस तिशीच्या आत दोनदा दिवाळखोर झाला होता? मलाही माहीत नव्हतं. गेल्या वर्षी बाबांचं दुसरं वर्कशॉप बंद झालं (पहिलं मी आठवीत असताना झालं होतं), तेव्हा 'पुन्हा उभं राहता येतं' असं सांगणारी बरीच पुस्तकं मी वाचून काढली. बहुतेकांत नुसता उपदेश! हर्शीची गोष्ट मात्र डोक्यात राहिली, कारण तिच्यात हिशेब आहे. (शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.)

मिल्टन हर्शीचा जन्म १८५७ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचा. शाळा जेमतेम चौथीपर्यंत. लँकेस्टर गावात एका मिठाईवाल्याकडे चार वर्षे उमेदवारी केली आणि १८७६ मध्ये फिलाडेल्फियाला स्वतःचं दुकान थाटलं. आई आणि मावशी मदतीला. माल वाईट नव्हता, पण साखर घ्यायची उधारीवर आणि गोळ्या विकायच्या एकेका सेंटला. साखरेचं बिल आधी दारात हजर, गल्ला मागाहून! आपण ज्याला वर्किंग कॅपिटल म्हणतो, तेच नव्हतं. मावशी पुन्हा पुन्हा पैसे देत राहिली. १८८२ मध्ये दुकान बंद.

मग तो डेन्व्हरला गेला आणि दुसऱ्याच्या कारखान्यात नोकरी धरली. मला वाटतं, गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि पुस्तकं मात्र तो दोन ओळींत उरकतात. तिथे कॅरमलमध्ये मेणाऐवजी ताजं दूध घालत. त्यामुळे वडी मऊ राहायची, टिकायचीही. मालक असलेला माणूस पुन्हा नोकर झाला, म्हणून ही युक्ती त्याच्या हाती लागली.

पण थांबा, लगेच यश नाही! १८८३ मध्ये न्यूयॉर्कला दुसरं दुकान काढलं. आता कृती चांगली होती, तरी १८८६ पर्यंत तेही बुडालं. खोकल्याच्या गोळ्यांच्या नादात कर्ज काढून यंत्रं घेतली, ती अंगावर आली. म्हणजे कौशल्य वाढलं होतं, पैशाची सवय जुनीच. हे वाचताना मला बाबा आठवले. दुसऱ्या वर्कशॉपला त्यांनीही ऑर्डर हातात येण्याआधी लेथ घेतलं होतं, हप्त्यावर.

लँकेस्टरला परतला तेव्हा मामांनी दमडीही द्यायला नकार दिला. स्टेशनवर येऊन पडलेली भांडीकुंडी सोडवायलासुद्धा पैसे नव्हते. ते एका जुन्या कामगाराने भरले. यावेळी त्याने फक्त दुधाचं कॅरमल धरलं, बाकी सगळं सोडलं. एका इंग्रज व्यापाऱ्याने इंग्लंडला पाठवायला मोठी ऑर्डर दिली, आणि त्या ऑर्डरच्या बळावर त्याने बँकेचं कर्ज घेतलं. इथे क्रम उलटा झाला बघा : आधी गिऱ्हाईक, मग कर्ज. पुढे त्याच्याकडे हजारावर कामगार झाले.

१८९३ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात त्याने जर्मन चॉकलेट यंत्रं पाहिली आणि विकत घेतली. १९०० मध्ये कॅरमल कंपनी दहा लाख डॉलरला विकली, चॉकलेट तेवढं स्वतःकडे ठेवलं. केमिकलवाल्यांसाठी खास : दुधात सुमारे ८७ टक्के पाणी, तर कोको बटर म्हणजे चरबी, दोन्ही एकत्र नांदत नाहीत. साय काढलेलं दूध निर्वात भांड्यात कमी उष्णतेवर आटवायचं, हे जमेपर्यंत किती घाणे फुकट गेले असतील! पण तेव्हा प्रयोग फसले तरी घर विकायची वेळ येत नव्हती. कॅरमलचे पैसे गाठीला होते.

हे सगळं मी बाबांना एका रविवारी सांगितलं. मामांनी हाकललं तिथे ते हसले. लेथबद्दल मी बोललो नाही. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "बँकेचे फेडले का रे त्याने?"

फेडले, बाबा. म्हणतात की, इंग्लंडहून पैसे आले तसा तो अंगावरचा एप्रन न काढताच बँकेकडे धावत सुटला.