‘वह्य’ : एक शब्द, अनेक अर्थ

बुलढाणा जिल्ह्यातील आपली अनेक मुले मकतबात उर्दू आणि शाळेत मराठी शिकतात. ‘प्रेषितांवर वही उतरली’ हे ऐकून एखाद्या लहानग्याच्या डोळ्यांपुढे शाळेची वही उभी राहिली, तर वाचकहो, त्याला हसू नये. मूळ अरबी शब्द ‘वह्य’. मराठीत त्यासाठी ‘दिव्य प्रकटन’ म्हणतात. प्रतिशब्द योग्यच आहे. मात्र कुरआनात जिथे जिथे ‘वह्य’ येतो, तिथे तो बसत नाही.

इमाम रागिब अस्फहानी यांनी या शब्दाचा मूळ अर्थ ‘त्वरित केलेला इशारा’ असा सांगितला आहे. ह. जकरिया (अ.) यांची वाणी तीन दिवस थांबली, तेव्हा त्यांनी लोकांना सकाळ-संध्याकाळ अल्लाहचे स्मरण करण्याची खूण केली. सूरह मरयमच्या ११व्या आयतीत त्या खुणेसाठी हाच शब्द आहे. सूरह नहल (६८) मध्ये मधमाशीला वह्य होते : डोंगरांत, झाडांवर आणि माणसांनी उभारलेल्या मांडवांत घर कर. सातपुड्याच्या कड्यावरचे आग्यामोहोळ ज्यांनी पाहिले आहे, त्यांना येथे ‘उपजत ज्ञान’ हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. सूरह जिलजाल (५) मध्ये ही वह्य जमिनीला आहे. आणि सूरह अनआम (१२१) मध्ये तर सैतान आपल्या मित्रांच्या मनात वाद पेरतात, त्या कुजबुजीलाही हाच शब्द वापरला आहे!

म्हणजे केवळ शब्दावरून दर्जा ठरत नाही. कोणी कळविले, कोणाला कळविले आणि काय कळविले, हे पाहावे लागते. प्रेषितांना होणाऱ्या वह्यचे प्रकार सूरह शूरा (५१) मध्ये आले आहेत. आणि सूरह अहजाब (४०) नुसार ह. मुहम्मद (स.) हे अंतिम प्रेषित असल्याने तो मार्ग आता बंद आहे.

हा केवळ व्याकरणाचा प्रश्न नाही. स्वप्नात कोणी सांगितले म्हणून रुग्णाचे औषध थांबते, मुलीचे ठरलेले लग्न मोडते. मग ह. मूसा (अ.) यांच्या मातेचा दाखला दिला जातो : त्या प्रेषित नव्हत्या, तरी त्यांना वह्य झालीच ना? होय, सूरह कसस (७) मध्ये तसे आहे, आणि बहुसंख्य विद्वान त्यास ‘इल्हाम’, म्हणजे अंतःकरणात घातलेली गोष्ट, मानतात. परंतु ती अल्लाहकडूनच होती, हे आपल्याला स्वतः कुरआनने सांगितले आहे. आपल्या स्वप्नाची अशी साक्ष कोण देणार? चांगले स्वप्न ही शुभवार्ता आहे, असे हदीसमध्ये आहे. पण त्यावरून शरीअतचा आदेश सिद्ध होत नाही.

आपल्याच जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे, अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या पहाटे पाऊस-पिकांचे भाकीत सांगितले जाते. शेजाऱ्यांच्या त्या प्रथेची कुचेष्टा करणे आपल्याला शोभत नाही. मात्र आपल्या शेतकऱ्याने पेरणीचा निर्णय घेताना एवढे ध्यानात ठेवावे की भाकीत हे चिन्हांवरून माणसाने केलेले अनुमान आहे, आणि परोक्षाचे ज्ञान, सूरह लुकमानच्या अखेरच्या आयतीनुसार, अल्लाहपाशी आहे.

वरील आयती घरी मुलांसह उघडाव्यात. प्रत्येक ठिकाणी ‘वह्य’चा मराठी अर्थ आधी मुलांनाच सुचवू द्यावा.