शंका-समाधान : धर्मग्रामाची हद्द

प्रश्न : आम्ही मूळचे वसईचे. सात वर्षांपूर्वी पुण्यात घर घेतलं. मुलीचं लग्न गावच्या चर्चमध्ये, नात्यातल्या फादरांनी लावावं, अशी सासूबाईंची इच्छा आहे. पण हद्दीबाहेर लागलेलं लग्न रद्दच समजतात, असं कानावर आलं. तेव्हापासून झोप नाही. – एक आई

उत्तर : ताई, हद्द ओलांडली एवढ्याने लग्न रद्द होत नाही. पुण्यात कायमचं बिऱ्हाड केलंत, तेव्हा तुमचा धर्मप्रांत (एका बिशपांच्या देखरेखीखालचा प्रदेश) आणि धर्मग्राम (त्यातल्या एका चर्चची वस्ती) बदलला, हे खरं. म्हणून पुण्याच्या प्रमुख धर्मगुरूंची परवानगी घ्यायची. ती चुकून राहिली, तरी दोघं कॅथोलिक असतील तर लग्न वैधच राहतं.

जपायचं आहे ते दुसरीकडे. नात्यातले फादर त्या धर्मग्रामाचे नसतील, तर तिथे लग्न लावण्याचा अधिकार तिथल्या प्रमुख धर्मगुरूंनी किंवा बिशपांनी त्यांना आधी सोपवलेला हवा. तो नसेल तर वैधतेलाच बाध येतो. तारीख ठरवण्यापूर्वी दोन्हीकडच्या प्रमुख धर्मगुरूंना स्वतः भेटा. फोनवर भागवू नका.

प्रश्न : धर्मप्रांत हा शब्द बायबलमध्ये नाही, ती रोमनांची वाटणी आहे, असं एका प्रवचनात ऐकलं. मग आपण माणसांनी आखलेल्या रेषाच पूजतो आहोत का? मन अस्वस्थ आहे.

उत्तर : ऐकलंत त्यातलं अर्धं बरोबर आहे. धर्मप्रांताला इंग्रजीत ‘डायोसीस’ म्हणतात; हे रोमन साम्राज्यात अनेक प्रांतांच्या गटाचं नाव होतं. चर्चने ते उचललं. ‘पॅरिश’चं, म्हणजे धर्मग्रामाच्या इंग्रजी नावाचं, मूळ मात्र वेगळं आहे. ज्या ग्रीक शब्दापासून तो आला, त्याचा अर्थ परमुलखातला मुक्काम. धर्मग्राम म्हणजे वाटसरूंची वस्ती, ही कल्पना मला फार जवळची वाटते.

रेषा पूजायच्या नसतातच. त्या कोणाची काळजी कोणी वाहायची, एवढंच सांगतात. शलमोनाने इस्राएलात बारा अधिकारी नेमले, तेव्हा प्रत्येकाच्या मुलखाकडे वर्षातल्या एका महिन्याचा राजघराण्याचा शिधा होता. पहिल्या राजांच्या चौथ्या अध्यायात ती यादी आहे. आणि नहेम्याचा तिसरा अध्याय तर जरूर वाचा. यरुशलेमेचा परगणा दोन नायकांत वाटलेला होता, आणि पडलेला तट बांधायला ते दोघंही उतरले. त्यांतल्या शल्लूमाबरोबर त्याच्या मुलीही होत्या.