मिसिंग आधी, सेन्सर मग

सिग्नलला उभी गाडी थरथरते, चढावर झटके देते आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो. स्कॅनर लावला की दोन कोड दिसतात : पी०३०२, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसिंग, आणि पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. लगेच कुणीतरी सांगतं, ‘ओटू सेन्सर गेलाय.’ एवढ्यावरून सेन्सर बदलू नका. हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही, धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो. ठिणगी पडली नाही तर त्या सिलिंडरमधली हवा न जळता बाहेर येते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, पेट्रोल वाढवत राहतो. सेन्सर खरं तेच सांगत असतो.

दिवा लुकलुकत असेल तर गाडी पुढे दामटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आतली जाळी वितळते आणि काही प्लगांवर भागणारं काम कितीतरी पटींनी महाग होतं.

कोड पुसण्याआधी लिहून घ्या. त्यासोबत स्कॅनरमधली फ्रीझ फ्रेमही बघा : दिवा लागला तेव्हा इंजिन किती गरम होतं, आरपीएम किती होता, गाडी उभी होती की पळत होती. पुढचं अर्धं काम या नोंदीच करतात.

आता इंजिन थंड होऊ द्या, इग्निशन बंद करा. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर बसवा. कोड पुसून गाडी चालवा. आता पी०३०३ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला; तीच बदला. कोड दोनवरच राहिला तर प्लगची अशीच अदलाबदल करा. प्लग काढलाच आहे तर नीट बघा : काळी काजळी, तेल, चिनी मातीला तडा. गॅप गाडीच्या पुस्तकात दिल्याप्रमाणेच हवा. पावसाळ्यात प्लगच्या खड्ड्यात पाणी साचलंय का आणि उंदरांनी वायरी कुरतडल्यात का, हेही पाहा. आपल्याकडे ही कारणं अजिबात दुर्मीळ नाहीत. सीएनजी पेटायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून कमजोर प्लग-कॉइलची तक्रार आधी गॅसवर दिसते.

ठिणगी ठीक निघाली तर इंजेक्टर, आणि शेवटी कॉम्प्रेशन. एकाच सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा बरंच कमी भरलं, तर त्यात थोडं इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजायला सांगा. दाब वाढला तर रिंगांवर संशय, नाही वाढला तर व्हॉल्व्हवर. हे काम मात्र जाणत्या मिस्त्रीचं.

कोड पी०३०० असेल, म्हणजे मिसिंग एका सिलिंडरला चिकटलेलं नसेल, तर स्कॅनरवर फ्युएल ट्रिम वाचा, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा. आयडलिंगला ट्रिम अधिक वीस-पंचवीस टक्के आणि २५०० आरपीएमला जवळपास शून्य, असं असेल तर कुठूनतरी हवा ओढली जातेय. व्हॅक्यूमचे पाइप आणि मॅनिफोल्डची गॅस्केट तपासा. रेस दिल्यावर ट्रिम उलट वाढत असेल तर पेट्रोलचा दाब तपासा.

मिसिंग गेल्यावरच सेन्सरकडे वळा. इंजिन पूर्ण गरम करा आणि स्कॅनरवर पुढच्या, म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीच्या, सेन्सरचा आलेख लावा. साध्या झिर्कोनिया सेन्सरचं व्होल्टेज सुमारे ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत खाली-वर व्हायला हवं. (बऱ्याच नव्या गाड्यांत पुढे वाइडबँड सेन्सर असतो, त्याला हे आकडे लावू नका.) झटकन रेस दिली की व्होल्टेज वर जावं, व्हॅक्यूमचा एखादा लहान पाइप सोडला की खाली यावं. दोन्ही वेळा चटकन हललं तर सेन्सर शाबूत आहे. एका जागी अडकलं, तर आधी कनेक्टर, वायर आणि सेन्सरच्या अलीकडची एक्झॉस्ट गळती पाहा; त्या फटीतून आत येणारी हवाही सेन्सरला फसवते. पी०१३५ हा कोड हीटरच्या सर्किटचा, तिथे फ्यूज आधी बघा. कन्व्हर्टरमागच्या सेन्सरचं व्होल्टेज मात्र स्थिर असायला हवं. ते पुढच्यासारखंच नाचत असेल तर संशय कन्व्हर्टरवर घ्या.

दुरुस्तीनंतर कोड पुसा, काही दिवस नेहमीसारखी गाडी चालवा आणि ट्रिम पुन्हा वाचा. तो अधिक-उणे दहा टक्क्यांच्या आत राहिला आणि दिवा परत लागला नाही, तर जुना सेन्सर तसाच राहू द्या.