परसबागेतील चिकण माती

नागावला समुद्रालगतच्या नारळ-सुपारीच्या वाड्यांत जमीन रेताड असते. भातखाचरांकडे वळले की माती चिकण लागते. अशा जागी आषाढात वाफ्यांत पाणी तुंबते, मुलांनी लावलेली भेंडी पिवळी पडते आणि बागकामावरील त्यांचे मनही उडते.

चिकण मातीचे कण ०.००२ मिलिमीटरहून बारीक असतात. त्यामुळे मुळांना हवा मिळत नाही. ओल्या मातीची वळी करून तिचे कडे वळवावे. ते न तुटल्यास माती चिकण समजावी.

अशा मातीत समुद्राची वाळू मिसळण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो आवरावा. त्या वाळूत मीठ असते; शिवाय थोडक्या वाळूने चिकण माती अधिकच घट्ट बसते. खरा उपाय कुजलेल्या खताचा. शेणखताने व पालापाचोळ्याच्या खताने बारीक कण एकत्र येऊन माती रवाळ होते व तिच्या पोकळ्यांतून हवा-पाणी खेळते. राबासाठी जाळल्या जाणाऱ्या पाल्यापैकी चार टोपल्या तरी शाळेच्या खतखड्ड्यात पडाव्यात! वाफ्यावर दोन-तीन बोटे जाडीचा खताचा थर देऊन तो वीतभर खोल मिसळावा. एका वर्षाने भागत नाही. हे दरवर्षी करावे लागते.

माती चिकटत असताना मात्र कुदळ घालू नये. पावसाळी भाजीसाठी वीतभर उंचीचे गादीवाफे करावेत आणि मुलांनी मधल्या वाटेवरूनच चालावे.